आघातजन्य दंतविस्थापन

पडल्यामुळे, खेळताना किंवा अपघातात तोंडावर मार बसून दात जागचा ढिला होणे, सरकणे किंवा निखळणे म्हणजे आघातजन्य दंतविस्थापन. वरच्या जबड्याचे पुढचे दोन दात यात सर्वाधिक सापडतात. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतुमय परिदंतबंध असतो. दाताचे पुढे काय होणार, हे बरेचसे या थरातल्या किती पेशी जगल्या त्यावर ठरते.

दात जागेवरच असून ठोकल्यावर नुसता दुखत असेल, तर इजा सौम्य. हिरडीच्या कडेने रक्त येऊन दात हलू लागला, तर बंधाचे काही तंतू तुटलेले असतात. दोन्हींत मऊ खाणे आणि नियमित तपासणी बहुधा पुरते. खोबणीतून अर्धवट बाहेर आलेला दात हलक्या हाताने मागे बसवून लवचीक तारेने शेजारच्या दातांना २ आठवडे बांधतात.

बाजूला सरकलेला दात मात्र फसवतो. त्याचा हिरडीबाहेर दिसणारा भाग सहसा टाळूकडे झुकतो आणि मूळ हाडात अडकून बसते. त्यामुळे तो मुळीच हलत नाही आणि रुग्णाला घट्ट वाटतो. तपासणीच्या आरशाच्या दांड्याने ठोकला की धातूसारखा खणखणीत वाजतो. खोबणीचे हाडही मोडलेले असल्याने इथे बांधणी ४ आठवडे ठेवतात.

हाडात आत घुसलेल्या दाताचा बंध चिरडतो. मूळ अजून वाढत असेल, तर दात आपोआप खाली येण्याची वाट पाहतात. मूळ पूर्ण वाढलेला दात ७ मिलिमीटरपेक्षा जास्त घुसला असेल, तर शस्त्रक्रियेने जागेवर आणतात आणि रूट कॅनालही करावे लागते.

पूर्ण निखळलेला कायमचा दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा. मूळ घासू नये. माती लागली असल्यास दुधात किंवा सलाइनमध्ये हलकेच खळबळून तिथल्या तिथे खोबणीत बसवणे सर्वात उत्तम. ते जमत नसेल तर दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा. पाण्यात ठेवल्यास पेशी फुगून फुटतात, आणि ६० मिनिटे कोरडा राहिला तर त्या जगण्याची आशा उरत नाही. दुधाचा दात परत बसवत नाहीत, कारण खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते.

बंध मेला तर मूळ हाडाशी सांधले जाते आणि हळूहळू त्याच्या जागी हाड भरते. वाढत्या वयात जबडा वाढतो, पण तो दात तिथेच राहतो आणि शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो.