वाय-फाय व्यत्यय, घरगुती उपकरणांमुळे होणारा

घरातील विजेच्या उपकरणांतून निसटणाऱ्या रेडिओलहरींमुळे बिनतारी इंटरनेटचा वेग घटणे, जोडणी तुटणे किंवा प्रतिसादाला उशीर लागणे. यासाठी कधी कधी ‘व्यतिकरण’ हा भौतिकीतला शब्द वापरला जातो, पण तो दोन लहरी एकमेकींत मिसळून ठरावीक आकृतिबंध तयार होण्याला लागू पडतो. इथे प्रकार साधा आहे: दोघे बोलत असताना तिसऱ्याने भांडी आपटावीत, तसा. म्हणून ‘व्यत्यय’ हाच शब्द योग्य.

घरात नेट अडखळले की जवळ जे यंत्र चालू असेल त्याच्यावर दोष जातो. यातले बरेचसे दोषारोप चुकीचे असतात. कोणते उपकरण आड येईल हे त्याच्या आवाजावर किंवा आकारावर ठरत नाही. ते कोणत्या वारंवारतेला लहरी सोडते यावर ठरते. घरगुती वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यांत चालते, आणि स्वयंपाकघरातले एकच नेहमीचे यंत्र यांपैकी पहिल्या पट्ट्यात जोरदार लहरी निर्माण करते. ते म्हणजे मायक्रोवेव्ह भट्टी.

हा शेजार योगायोगाने जुळलेला नाही. रडारवर काम करणारे अमेरिकी अभियंते पर्सी स्पेन्सर यांनी सूक्ष्मलहरींनी अन्न शिजवण्याच्या पद्धतीच्या पेटंटसाठी १९४५ मध्ये अर्ज केला. १९४७ मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखून ठेवण्यात आला. अशी यंत्रे गोंगाट करणार हे गृहीतच होते, त्यामुळे संदेशवहनासाठी हा पट्टा पडीक जमिनीसारखा राहिला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने तिथे विनापरवाना प्रक्षेपणाला वाट करून दिली आणि १९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक आले. भट्टी आधीपासून त्या जागेत होती. वाय-फाय नंतर राहायला आले. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला, तो एका स्पष्ट अटीवर: वापरणाऱ्याने दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही आणि दुसऱ्यापासून संरक्षणही मागायचे नाही. परवानामुक्ततेची ही किंमत फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते.

एक समज इथेच दूर केलेला बरा. २.४५ गिगाहर्ट्‌झ ही पाण्याच्या रेणूची खास ‘अनुनादी’ वारंवारता आहे असे सर्रास सांगितले जाते. तसे नाही. नेहमीच्या तापमानाला पाणी सर्वाधिक शोषण करते ते सुमारे २० गिगाहर्ट्‌झच्या आसपास. भट्टीसाठी मुद्दाम खालची वारंवारता सोयीची पडते, कारण तिच्या लहरी वरच्या थरातच न संपता पदार्थात काहीशा आतपर्यंत पोचतात.

मायक्रोवेव्हमधील मॅग्नेट्रॉन ही नळी ७०० ते १,००० वॅट शक्तीच्या लहरी निर्माण करते. धातूची पेटी आणि दारातली जाळी त्यांना आत कोंडून ठेवतात. लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने जाळीच्या बारीक छिद्रांतून प्रकाश आरपार येतो, लहरी येत नाहीत. तरी दाराच्या फटीतून थोडे निसटतेच. पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅट ही गळतीची मान्य मर्यादा आहे, आणि अंतर वाढते तशी गळती झपाट्याने विरळ होते. माणसाला यापासून धोका नाही. पण फोनपर्यंत पोचणारा वाय-फायचा बऱ्यापैकी चांगला संकेतही एका वॅटच्या अब्जाव्या भागाएवढाच असतो. शरीराच्या दृष्टीने नगण्य असलेली गळती या कुजबुजीला सहज बुडवते.

मग अन्न गरम होत असताना नेट पूर्ण बंद का पडत नाही? उत्तर विजेत आहे. नेहमीच्या बनावटीच्या भट्टीत मॅग्नेट्रॉन प्रत्यावर्ती विजेच्या अर्ध्या चक्रातच चालतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे एक चक्र २० मिलिसेकंदांचे. त्यातले सुमारे १० मिलिसेकंद लहरी, उरलेले शांत. वाय-फायचा एक डेटातुकडा बहुधा मिलिसेकंदभरात जातो, तेव्हा शांत अर्ध्यात बरेच तुकडे निसटून पलीकडे पोचतात. इन्व्हर्टर तंत्राच्या, म्हणजे मॅग्नेट्रॉनला इलेक्ट्रॉनिक मंडलातून वीज पुरवणाऱ्या भट्ट्यांत ही शांतता फार आखूड असते.

खरे नुकसान राउटरच्या समजुतीमुळे वाढते. प्रक्षेपणाआधी तो माध्यम मोकळे आहे का हे ऐकतो. गोंगाट असेल तर थांबतो. पाठवलेल्या तुकड्याची पोच आली नाही की तुकडा पुन्हा पाठवतो. पुन्हा पुन्हा असे झाले की संकेत क्षीण झाला असे धरून तो वेग उतरवतो. उतरलेल्या वेगाला तोच तुकडा जास्त वेळ हवेत राहतो आणि भट्टीच्या पुढच्या स्पंदनात सापडण्याची शक्यता वाढते. चित्रपट पाहणाऱ्याला यातले काही जाणवत नाही, कारण पुढचा भाग आधीच साठवलेला असतो. व्हिडिओ कॉलवर मात्र उशिरा आलेला आवाज निरुपयोगी असतो. त्यामुळे परदेशातल्या मुलांशी बोलताना चेहरा गोठतो तो नेमका दूध गरम करायला ठेवल्यावर.

मिक्सरची गोष्ट वेगळी. त्याच्या मोटरच्या कार्बन ब्रशांवर ठिणग्या उडतात आणि त्यांचा गोंगाट मुख्यतः खालच्या वारंवारतांत पसरतो. चटणी वाटायला घेतली की आकाशवाणीवर खरखर आणि दूरदर्शनच्या पडद्यावर पांढऱ्या रेघा, हे मागच्या पिढीने अनुभवले आहे. तीच आठवण आज वाय-फायला लावली जाते, पण २.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत तो गोंगाट फारसा उरत नाही. तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडला मात्र असा गोंगाट बाधतो. वेल्समधील अबरहोसान या खेड्यात सुमारे १८ महिने रोज सकाळी ७ वाजता सगळ्या गावाचे इंटरनेट कोलमडत होते. तारा बदलूनही फरक पडला नाही. २०२० मध्ये अभियंत्यांनी वर्णपट-विश्लेषक (कोणत्या वारंवारतेला किती गोंगाट आहे ते दाखवणारे यंत्र) घेऊन गाव पालथे घातले, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. तो रोज त्या वेळी लावला जाई. ही घटना ‘वाय-फाय’ची म्हणून सांगितली जाते, ते बरोबर नाही. बिघाड तारेवरचा होता.

पाण्याचा पंप सुरू झाला की नेट जाते, ही तक्रारही खरी, पण कारण बहुधा लहरींचे नसते. मोटर सुरू होताना क्षणभर व्होल्टेज खाली येते आणि राउटर नव्याने सुरू होतो. भारनियमनाच्या वेळी वीज इन्व्हर्टरवर जातानाही हेच घडते. राउटरवरचे दिवे विझून पुन्हा लागले का, एवढे पाहिले की निदान होते.

इतर खरे स्रोत थोडे आहेत. यूएसबी ३.०च्या केबल व हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्‌झच्या परिसरात रुंद गोंगाट करतात; इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढले. जुने बिनतारी कॅमेरे आणि बाळावर लक्ष ठेवणारे मॉनिटर त्याच पट्ट्यात सतत बोलत राहतात. ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा वारंवारता बदलते आणि २००३ पासून गजबजलेले भाग टाळायलाही शिकले आहे. फ्रिज, लोखंडी कपाट, आरसा, माशांची टाकी ही लहरी सोडत नाहीत, अडवतात किंवा शोषतात. फ्रिजमागे ठेवलेला राउटर हा व्यत्ययाचा नव्हे, सावलीचा बळी. दाटीच्या गृहसंकुलात तर सगळ्यांत मोठा स्रोत शेजाऱ्यांचे राउटर हाच असतो, कारण २.४च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

मायक्रोवेव्हने खगोलशास्त्रज्ञांनाही चकवले आहे. ऑस्ट्रेलियातील पार्क्स या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून गूढ स्पंदने सापडत होती. भट्टी थांबण्याआधीच कोणी दार उघडले की बंद होता होता मॅग्नेट्रॉन ती सोडतो, हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभारताना मानवनिर्मित रेडिओगोंगाट कमी असलेली जागा का शोधली गेली, ते यावरून उमजते.

तपासणी घरीच करता येते. भट्टीत पेलाभर पाणी ठेवून (रिकामी कधीही चालवू नये) ती सुरू करावी आणि संगणकावरून राउटरच्याच पत्त्याला पिंग द्यावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती मिलिसेकंद लागतात ते पाहावे. आकडे उसळले तर दोष हवेतला. ते स्थिर असूनही नेट संथ असेल तर सेवा पुरवठादाराच्या जोडणीतला. दोष हवेतला निघाल्यास राउटर ओट्यापासून दूर, उंच आणि उघड्यावर ठेवणे हा पहिला उपाय. अनेक भट्ट्यांचा जोर पट्ट्याच्या मधल्या-वरच्या भागात असल्याने सर्वांत खालचा चॅनेल १ निवडणे हा दुसरा. ५ गिगाहर्ट्‌झवर गेल्यास प्रश्नच मिटतो, फक्त त्या लहरी भिंतीपलीकडे लवकर मंदावतात आणि जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात एका खोलीपुरत्याच उरू शकतात. स्मार्ट बल्ब, प्लग आणि बरीच वॉशिंग मशीन केवळ २.४ वरच चालतात. म्हणून तो पट्टा बंद न करता दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि व्हिडिओ कॉलचा फोन ५ वर जोडावा.