टीबीचा रुग्ण आणि वजनकाटा

टीबीचा उपचार वजनकाट्यावर सुरू होतो, कारण गोळ्या वजनावर ठरतात. मोठ्या माणसाचं वजन ३५ ते ४९ किलो असेल तर रोज तीन गोळ्या, ५० ते ६४ असेल तर चार. पहिले दोन महिने एका गोळीत चार औषधं असतात, पुढचे चार महिने तीन. डोस ठरला की वजनाची नोंद कार्डावरच राहून जाते. ती दर महिन्याला बघायला हवी. त्या एका आकड्यात जंतू, मन आणि घर या तिघांचंही काय चाललंय ते दिसतं.

जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये शोधला. तो शरीरात शिरलेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांची प्रतिकारशक्ती त्याला दाबून ठेवते. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू यांनी ती पकड ढिली होते. आजार झाला की भूक मरते, ताप राहतो आणि शरीर स्वतःचेच स्नायू जाळायला लागतं. म्हणजे कमी वजनामुळे टीबी होतो आणि टीबीमुळे वजन आणखी घटतं.

अन्नाचा प्रश्न मधली काही दशकं मागे पडला, त्याला एक कारण आहे. १९५९ मध्ये मद्रासच्या एका अभ्यासात घरी औषध घेणारे गरीब रुग्ण सॅनेटोरियममधल्या (टीबीच्या खास रुग्णालयातल्या) रुग्णांइतकेच बरे झाले, तेही निकृष्ट आहारावर. औषध पुरेसं आहे, असा त्याचा अर्थ घेतला गेला. घरी उपचार होऊ शकतात हे त्यातून सिद्ध झालं आणि ते फार मोलाचं होतं. पण जेवणाची गरज नाही, हे सिद्ध झालेलं नव्हतं.

झारखंडमधल्या २,८०० रुग्णांवरचा ‘राशन्स’ अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचांतल्या चार रुग्णांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) १८.५ च्या खाली, म्हणजे वजन कमी होतं. प्रत्येक रुग्णाला महिन्याला दहा किलोंचा शिधा मिळाला: तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दूध पावडर, तेल. रुग्णांचे गट पाडले होते; त्यातल्या निम्म्या गटांत घरच्या मोठ्या माणसांनाही दरमहा प्रत्येकी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली. त्या घरांमध्ये नव्याने टीबी होण्याचं प्रमाण बाकीच्या घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी राहिलं. ज्या रुग्णांचं वजन दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. (मुळात कमी आजारी माणसाचं वजन लवकर वाढतं, हेही ध्यानात ठेवावं.) ४२ किलोच्या माणसासाठी हे ५ टक्के म्हणजे जेमतेम दोन किलो.

अमेरिकन डॉक्टर जॉर्ज एंगेल यांनी १९७७ मध्ये शरीर, मन आणि समाज एकत्र धरून आजार समजून घ्यायची पद्धत मांडली. ती इथे ताटापर्यंत येऊन पोचते. घरात टीबी निघाला की रुग्णाचं ताट-वाटी वेगळी होते. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही. त्यामुळे वेगळ्या ताटाने कुणाचंच रक्षण होत नाही. कोपऱ्यात एकट्याने जेवणारा माणूस मात्र दोन घास कमी खातो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा आणि पंगतीत घ्या. औषध लागू पडलं की संसर्गाचा धोका साधारण दोन आठवड्यांत खूप उतरतो.

दुसऱ्या महिन्यात खोकला थांबतो, ताप जातो, मजुरी खुणावते आणि गोळ्या सुटतात. सावकाश वाढणारे जंतू तेव्हा आतच असतात; आजार उलटतो आणि औषधांना दाद न देणारा होण्याची भीती वाढते. मन खचलेल्या माणसाच्या गोळ्या अशा आणखी लवकर सुटतात. म्हणून वजन करतानाच दोन गोष्टी विचाराव्यात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? निम्म्याहून जास्त दिवस असं उत्तर आलं, तर पुढची तपासणी हवी.

दोन महिन्यांनी काटा हललाच नाही, तर नुसतं ‘नीट जेवा’ म्हणून पाठवू नये. रक्तातली साखर आणि एचआयव्ही तपासलेत का? बेडक्यात अजून जंतू आहेत का, असतील तर कोणत्या औषधाला दाद देत नाहीत? मळमळ, उलट्या होत असतील तर यकृताची तपासणी लगेच करावी. डोळे पिवळे दिसले तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. दारू चालू आहे का? निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे टीबी रुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते पैसे (नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये) खात्यात येतात का, की आधार जोडणीत अडकलेत? आणि आले असतील, तर त्या पैशांचं दूध-अंडं घरात कोणाच्या ताटात जातं?