सीएसटीचं घड्याळ वेगळं, राजाबाई टॉवर वेगळा

चवथीला फोंड्याला सगळे जमलो होतो तेव्हा आत्येने मोबाईलवर एक फोटो दाखवला, म्हणाली हे बघ आमचं व्हीटी, कोकणकन्येतून उतरलं की समोर हेच दिसायचं. फोटो होता राजाबाई टॉवरचा. आत्येची पंचवीस वर्षं गिरगावात गेली तरी ही गल्लत, आणि ती एकटीच नाही, आमच्याकडे गोव्यात मुंबईचं मोठं घड्याळ म्हटलं की निम्मे लोक दोन्ही एकच समजतात, म्हणून जरा नीट सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे सीएसएमटीला, म्हणजे आपल्या व्हीटी किंवा सीएसटी स्टेशनलाच, घड्याळाचा टॉवर नाहीच. मधोमध आहे तो घुमट, आणि घड्याळ त्याच्या खाली, दर्शनी भिंतीच्या कपाळावर बसवलंय. ते समोरूनच दिसतं. त्याच्या खालच्या कोनाड्यात पूर्वी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, तो नंतर काढला. घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक, ती प्रगतीची मूर्ती. फोटोत ती बाई दिसली की डोळे मिटून सांगा, स्टेशन. राजाबाईचं तसं नाही, तो सरळ उंच मनोरा आहे आणि घड्याळ चारी बाजूंना. उंची साधारण 85 मीटर. जुन्या गोव्यातला सांत आगुस्तीनचा पडका मनोरा आपण मान वर करून बघतो ना, तो 46 मीटरच्या आसपास, म्हणजे राजाबाई जवळजवळ दुप्पट!

आणि तो रेल्वेचा नाहीच मुळी, मुंबई विद्यापीठाच्या लायब्ररीचा आहे. कापसाच्या व्यापारातले मोठे शेठ प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले, आईचं नाव द्यायचं या अटीवर, म्हणून राजाबाई. असं सांगतात की आईला दिसत नव्हतं आणि जैन असल्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायचं असायचं, तर घंटेवरून तिला वेळ कळायची. मला ही गोष्ट फार आवडते, एवढा मोठा मनोरा आणि त्याच्यामागे आईचं संध्याकाळचं जेवण. काम 1869 ला सुरू झालं आणि 1878 ला संपलं. त्याच काळात, 1871 मध्ये, आगुस्तीनच्या मनोऱ्यातली जुनी घंटा पणजीच्या चर्चवर चढली, आपण पायऱ्यांवरून बघतो तीच.

स्टेशनचं काम सुरू झालं 1878 मध्येच, म्हणजे एक संपलं आणि दुसरं लागलं. त्याआधी तिथे बोरीबंदरचं साधं स्टेशन होतं, 1853 ची ठाण्याला गेलेली पहिली गाडी तिथूनच सुटली. नवीन इमारतीला 1887 साली राणीच्या राज्याच्या पन्नाशीला व्हिक्टोरिया टर्मिनस नाव दिलं, 1996 ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 ला त्यात महाराज आलं. आमच्या घरी अजून व्हीटीच म्हणतात.

आता गल्लत का होते, तर दोन्ही सारख्याच गॉथिक धाटणीचे, टोकदार कमानी, दगडावर नक्षी. पण खरी गंमत वेगळीच आहे. राजाबाईचा आराखडा केला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने, तो भारतात कधी आलाच नाही, आणि याच स्कॉटने लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनचं हॉटेल बांधलं, ज्याची छाप फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेल्या व्हीटीवर दिसते असं जाणकार सांगतात. म्हणजे दोन्ही इमारतींचा धागा एकाच माणसापर्यंत जातो, उगाच नाही सारख्या वाटत. त्यात स्टेशनसमोरची महापालिकेची इमारत पण स्टीव्हन्सचीच, 1893 ची, तिच्या मनोऱ्याला सुद्धा लोक स्टेशनचा भाग समजतात. तोही नाही.

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पण दोघं वेगवेगळे आलेत. स्टेशन 2004 मध्ये एकटं आलं. राजाबाई 2018 ला ओव्हल मैदानाभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या घोळक्यात आला.

आपल्या लोकांना ओळखता येत नाही याचं अजून एक कारण मला वाटतं ते असं की मडगावहून येणारी गाडी पूर्वेकडच्या प्लॅटफॉर्मला लागते, पहाटेची झोप डोळ्यांवर, हातात पिशव्या, आणि माणूस बाजूनेच बाहेर पडून टॅक्सी धरतो, दर्शनी भाग बघायचा राहूनच जातो. पुढच्या खेपेला सामान क्लोकरूमला टाका, डीएन रोडच्या बाजूला या, रस्ता ओलांडून मागे वळून बघा, घड्याळ आणि मशालवाली बाई दोन्ही एका नजरेत येतात. गेटच्या खांबांवर सिंह आणि वाघ आहेत, ते पण बघा. मग हुतात्मा चौकावरून चालत ओव्हलला या, पंधरा-वीस मिनिटं लागतील. राजाबाईवर चढू देत नाहीत, पण मैदानाच्या कडेला थांबा, दर पंधरा मिनिटांनी वाजतो. इंग्रजांच्या काळात सोळा धुनी वाजायच्या म्हणे, आता एकच आहे, ती ऐकूनच निघा. आत्येला मी पुढच्या वेळी घेऊन जाणार आहे.