शारीरिक शिक्षणातील अध्यापन-साहित्य (विद्यापीठ स्तर)

विद्यापीठीय विद्यार्थ्यांमध्ये कारक (शारीरिक हालचालींच्या) कौशल्यांबरोबरच चिकित्सक विचार, सर्जनशीलता, संप्रेषण व सहकार्य ही आधुनिक कौशल्ये विकसित व्हावीत, या हेतूने पद्धतशीरपणे तयार केलेले पाठ्यघटक, कृतिपत्रिका, चित्रफिती आणि मूल्यमापनाची साधने.

असे साहित्य बहुधा विश्लेषण, आराखडा, निर्मिती, कार्यवाही व मूल्यमापन या पाच टप्प्यांच्या, त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ओळखल्या जाणाऱ्या ‘ॲडी’ (ADDIE) प्रतिमानानुसार घडवले जाते. या प्रतिमानाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने १९७५ मध्ये अमेरिकी सैन्यदलांसाठी तयार केलेल्या कार्यपद्धतीत त्याचा आरंभ शोधला जातो. परंतु तिच्यातील पाचवा टप्पा मूल्यमापनाचा नसून नियंत्रणाचा होता. हे प्रतिमान कोणा एका कर्त्याचे नसून मौखिक परंपरेतून हळूहळू आकाराला आले असावे, असे मत मायकेल मोलेंडा यांनी २००३ मध्ये मांडले. उपलब्ध पुराव्याशी तेच अधिक जुळते. निश्चिती, आराखडा, विकास व प्रसार असे चार टप्पे असलेले त्यागराजन आणि सहकाऱ्यांचे प्रतिमान (१९७४) मुळात विशेष मुलांच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी रचलेले असले, तरी शारीरिक शिक्षणातही ते वापरले जाते.

टप्प्यांची शिस्त पाळली म्हणून साहित्यातून कौशल्ये घडतातच असे नाही; पाठातील निर्णय कोणाकडे आहेत, हा प्रश्न अधिक मूलभूत ठरतो. मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या अध्यापनशैलींच्या पटाचा पायाच हा आहे : कृतीपूर्वीचे, कृतीच्या वेळचे व कृतीनंतरचे निर्णय शिक्षकाकडून विद्यार्थ्याकडे क्रमाक्रमाने सरकतात. बंकर व थॉर्प यांनी १९८२ मध्ये तंत्राआधी खेळाचे आकलन ठेवले. त्यानुसार बास्केटबॉलच्या कृतिपत्रिकेत ड्रिबलिंगला (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेण्याला) बंदी घालून तीन-तीन खेळाडूंचा सामना योजता येतो. मोकळी जागा कशी निर्माण करावी हे गटाने ठरवायचे, चित्रफीत पाहून आपल्या निवडीची कारणे लिहायची आणि पुढील फेरीसाठी नियम सुचवायचा. डॅरिल सीडेनटॉप यांच्या क्रीडाशिक्षण प्रतिमानात विद्यार्थी पंच, मार्गदर्शक व गुणलेखक याही भूमिका करतात. प्रात्यक्षिक करून दाखवून त्याचे अनुकरण करवून घेणाऱ्या साहित्यात अशा निर्णयांना फारसा वाव राहत नाही.

तज्ज्ञांकडून तपासणी, लहान गटावरील चाचणी व त्यानंतर प्रत्यक्ष वर्गातील चाचणी हा प्रमाणीकरणाचा रूढ क्रम आहे. धावण्याचा वेळ मोजून सहकार्य कळत नसल्याने वर्तनाचे स्तर नोंदवणारी निरीक्षणश्रेणी आवश्यक असते, आणि दोन स्वतंत्र निरीक्षकांच्या नोंदी पुरेशा जुळल्यावरच ती वापरणे इष्ट होय.