बायपासनंतरची विश्रांती: एका जुन्या सल्ल्याची पार्श्वभूमी

बायपास करून नाशिकच्या घरी परतलेल्या माणसाला भेटायला येणारे शहाळे आणतात आणि बजावतात, "काका, आता अजिबात हलायचं नाही." या सल्ल्याला आपण अडाणीपणा म्हणतो, पण एके काळी तो डॉक्टरांचाच होता.

१९१२ मध्ये अमेरिकी डॉक्टर जेम्स हेरिक यांनी हृदयविकाराच्या झटक्याचे नेमके वर्णन केले. मेलेल्या स्नायूच्या जागी पक्का व्रण धरायला पाच ते आठ आठवडे लागतात, असे पुढे शवविच्छेदनांतून दिसले. मग तितके दिवस रुग्णाला पलंगावरच ठेवायचे, हे ओघानेच आले. त्यात पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जात, आणि दोष हृदयाच्या माथी येई. १९५२ मध्ये सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना रोज थोडा वेळ खुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसते बसवले, तरीही विरोध झाला! पुढच्याच वर्षी जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या डबलडेकर बसमधली गंमत दाखवली: दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी. १९६६ च्या डॅलसमधल्या प्रयोगात तर पाच धडधाकट तरुण तीन आठवडे झोपून राहिले आणि त्यांची दमछाक सोसण्याची क्षमता पाव हिश्श्याहून जास्त घसरली.

बायपासला चालना मिळाली ती १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे शल्यविशारद रेने फाव्हालोरो यांच्या कामामुळे. भारतात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी ती चेन्नईत केली. इथे मात्र काळजीचे कारण वेगळे. छातीचे मधले हाड कापून तारेने बांधलेले असते आणि ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे बंधने मुख्यतः हातांवर. पाण्याची बादली उचलणे, गॅसचा सिलिंडर सरकवणे, स्कूटर चालवणे हे बंद. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची. पायांना मोकळीक असते: बहुतेकांना एक-दोन दिवसांत उभे करतात, घरी सोडण्याआधी जिनाही चढवून बघतात. डॉक्टरांनी होकार दिला की नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानाचा सपाट ट्रॅक चालेल. डोंगरावरच्या पांडवलेणीच्या पायऱ्यांना घाई नको.

याच्या पुढची पायरी म्हणजे कार्डियाक रिहॅब, म्हणजे देखरेखीखाली हृदयरुग्णाचे पुनर्वसन. ईसीजीवर नजर ठेवून ट्रेडमिल किंवा सायकल, सहा मिनिटांची चालचाचणी, आहार, तंबाखू सोडवणे आणि मनातली भीती घालवणे. ही भीतीच अनेकांना खुर्चीत खिळवून ठेवते, असे माझे मत. अशा व्यायामाने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा भरती होणे कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

पण पेठ किंवा सुरगाण्यासारख्या दूरच्या तालुक्यांतून आठवड्यातून तीनदा शहरात कोण येणार? भारतातल्या २४ रुग्णालयांत झटक्यानंतरच्या सुमारे चार हजार रुग्णांवर योगावर आधारित रिहॅबचा अभ्यास झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्यात ठळक फरक पडला नाही. मात्र प्रकृती चांगली वाटणे आणि पूर्वीच्या कामांकडे परतणे यांत फायदा दिसला. शिकून घेतले की यातले बरेचसे घरच्या सतरंजीवर करता येते, एसटीचे तिकीट न काढता.