पार्श्वभूमी : मागीलदारची मोरी ते फार्महाउस सिंक

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरपासून हर्णै-आंजर्ल्यापर्यंत घरांची कौलं, पत्रे, वासे घेऊन गेलं. छप्पर नव्याने करायचंच आहे तर स्वयंपाकघरही आत्ताच करून टाकू, असं त्यानंतर अनेक घरांत ठरलं. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या जुलैत, चिपळूणच्या महापुराने प्लायवूडच्या ट्रॉल्या फुगवून टाकल्या, तिथेही तेच. या कामांच्या बोलण्यात आता ‘फार्महाउस सिंक’ हा शब्द सारखा येतो, आणि बहुतेक वेळा चुकीच्या अर्थाने येतो.

रायगडात फार्महाउस म्हणजे मुंबईकराची शनिवार-रविवारची वाडी. त्यामुळे फार्महाउस सिंक म्हणजे तसल्या बंगल्यात शोभणारं महागडं सिंक, असा समज होतो. प्रत्यक्षात हा शब्द घडणीचा आहे. ज्याच्या पुढे ओट्याची पट्टी येत नाही, ज्याची दर्शनी बाजू उघडी दिसते, असं रुंद आणि खोल सिंक. दुकानदार त्यालाच ‘एप्रन फ्रंट’ म्हणतात. मूळ ब्रिटन-आयर्लंडकडचं, जाड भाजलेल्या मातीचं, वर पांढरी झिलई. त्यातल्या बेलफास्ट प्रकाराला जादा पाणी जायला आतून वाट असते, लंडनच्या प्रकाराला नसते. लंडनला पाणी जपून वापरावं लागे म्हणून, असं त्याचं कारण सांगतात. घरात नळ नव्हता, पाणी भरून आणायचं, एकदा ओतलं की त्यातच सगळं धुवायचं, म्हणून ते खोल. बाईला थेट कडेशी उभं राहता यावं म्हणून पुढची बाजू मोकळी. पाणी वाहून आणणाऱ्या घरांची ही सोय होती, आणि कोकणाइतकं पाणी कोणी वाहिलं असेल?

आपल्याकडे हेच काम मागीलदारची मोरी करत होती. जांभ्याच्या चिऱ्यांचा कठडा, आत घडीव काळा दगड, बाजूला पाण्याची डोण. विहिरीवरून कळशी यायची, किंवा पोफळीच्या पन्हळीतून पाणी डोणीत पडायचं. सोडण (नारळाचं वाळलेलं सालपट) आणि राख घेऊन बसून भांडी घासायची, तांब्या-पितळेला चिंच, आणि सांडपाणी सरळ अळवाला, केळींना. मासळीही तिथेच, विळीवर. आमच्या जुन्या मोरीच्या कडेला एका दगडात ओंजळीएवढा खळगा होता, कळशी टेकवून टेकवून झालेला. त्या दगडाला गंज, तडा, डाग यांपैकी काहीही कधी लागलं नाही.

उभा ओटा आला तो गॅसबरोबर आणि चाकरमान्यांच्या पैशाबरोबर. खेडोपाडी तो प्रामुख्याने १९८० नंतरचा. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाल्यावर मुंबईतली तऱ्हा अधिकच सहज इथे पोहोचू लागली. ओटा कडप्प्याचा, कारण तो स्वस्त, सपाट आणि हव्या त्या मापात मिळणारा. पण कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड आहे, आम्ल त्याला खातं. आणि आपल्या स्वयंपाकघरात आम्लाला तोटा नाही: आगळ (कोकमाचा रस), चिंच, लिंबू, कैरी. आगळाची बरणी रात्रभर ठेवली की कडप्प्यावर बुडाच्या गोलाएवढी झिलई उडालेली दिसते, आणि ती पुसून परत येत नाही. कोटा आणि संगमरवर यांचंही तेच. ग्रॅनाइटला एवढ्याने काही होत नाही. तरीही बरीच वर्षं कडप्प्याच्याच पट्ट्या जोडून, सांध्यात पांढरं सिमेंट भरून सिंक केलं जाई. ते सांधे आधी जात आणि खालच्या भिंतीत ओल उतरे.

त्यावर उतारा म्हणून स्टील आलं. तमिळनाडूत सेलमला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून स्टेनलेसचे पत्रे निघू लागले, घराघरांत स्टीलची भांडी आली आणि त्यामागोमाग दाबून काढलेली सिंकंही. चोवीस बाय अठरा इंच हे माप तेव्हापासून ठरून गेलं. ते शहरातल्या चार माणसांच्या घराचं माप आहे. गणपतीत वीस-पंचवीस पानांचा भाताचा टोप त्यात आडवा मावत नाही. घरात फार्महाउस सिंकची मागणी निघते ती बहुधा या टोपापायीच, आणि ती रास्त आहे.

आता खऱ्या वादाकडे: ‘३०४’ हा स्टीलच्या प्रतीचा आकडा. गेल्या पंधरा-वीस वर्षांत सिंकची सगळी खरेदी या एका आकड्याभोवती फिरते आणि फसवणूकही त्याच आकड्याने होते. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. गंज अडतो तो क्रोमियममुळे. हवेशी संयोग होऊन त्याचा अतिपातळ थर पत्र्यावर बसतो, ओरखडा पडला तरी आपोआप पुन्हा तयार होतो. निकेल महाग. मे २००७ मध्ये त्याचा जागतिक भाव टनाला ५० हजार डॉलरच्या वर गेला होता. निकेल कमी करून त्या जागी मँगेनीज घातलेलं २०२ हे स्टील त्यामुळे भारतात फार पसरलं. नवं असताना ते ३०४ इतकंच चकचकीत दिसतं. देशावरच्या कोरड्या हवेत त्याचे दोष लवकर उघडे पडत नाहीत. इथे पडतात.

कारण इथल्या वाऱ्यात मीठ आहे. मिठातलं क्लोराइड क्रोमियमचा तो थर जागोजागी भेदतं आणि मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठतात. त्यात भर आपल्या घरच्या मिठाची: खारातल्या कैऱ्या, आमसुलं घालायचा खारट रस, सुका बांगडा भिजवलेलं पाणी. किनाऱ्यावरच्या घराला म्हणूनच २०२ घेऊ नये, हे मी ठासून सांगतो. ३०४ चालतं, पण रोज गोड्या पाण्याने धुऊन कोरडं पुसलं तर. घर अगदी पुळणीला लागून असेल आणि खिडकी समुद्राकडे उघडत असेल, तर ३१६ विचारावं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि क्लोराइडपुढे ते जास्त टिकतं. तालुक्याच्या दुकानात ते सहसा ठेवलेलं नसतं, मागवावं लागतं आणि पैसेही जास्त पडतात.

दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात: ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.’ ही खूण चुकीची आहे. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा पत्रा दाबून खोल केला की कोपऱ्यांत तो किंचित ओढ घेतो, आणि गिऱ्हाईक चांगला माल परत करतं. चुंबकाने एवढंच कळतं की निकेल नसलेलं स्वस्त ४३० आहे का. मँगेनीज ओळखायला थेंबाची चाचणी असते. पत्र्यावर रसायनाचा थेंब टाकून लहान बॅटरी लावायची, थेंब लालसर झाला तर मँगेनीज जास्त, म्हणजे २०२ च्या जातीचा पत्रा. दुकानदार करू देत असेल तर सिंकच्या मागच्या बाजूला करून घ्यावी. गेजचाही असाच घोळ. आकडा लहान तितका पत्रा जाड, हे पुष्कळांना उलटं वाटतं. त्यापेक्षा सरळ मिलिमीटर विचारावेत आणि ते भांड्याचे विचारावेत. काही सिंकांना वरची कड जाड लावलेली असते आणि खालचं भांडं पातळ असतं. भांडं एक मिलिमीटरच्या खाली नको, सव्वा असेल तर उत्तम.

मातीच्या भाजलेल्या सिंकला यातलं काहीच लागू नाही. मीठ नाही, आगळ नाही, गंज नाही. या किनाऱ्यासाठी पदार्थ म्हणून तेच सर्वांत योग्य, आणि आपल्या दगडी मोरीच्या सर्वांत जवळचंही. अडचण वजनाची. तीस इंची सिंक चाळीस-पन्नास किलोच्या घरात जातं, वर पाण्याने भरलेला टोप. ते ओट्याला गोंदाने लटकवता येत नाही, खालून आधार हवा. तो आपल्याकडे तयारच आहे. कडप्प्याच्या दोन उभ्या पट्ट्यांवर आडवी फळी टाकून त्यावर सिंक बसवलं आणि पुढची पट्टी तेवढी कापली की काम झालं. लोखंडी टोप हातातून सुटला तर झिलईचा टवका मात्र उडतो, आणि काम घाईचं असलेल्या घरात तो उडणारच. म्हणून माझा कल घडण त्या मातीच्या सिंकसारखी, पुढून उघडी, पण पत्रा जाड ३०४ चा, असं सिंक घेण्याकडे आहे.

गंजाची तक्रार पहिल्याच आठवड्यात आली तर तिचं कारण बहुधा सिंकमध्ये नसतं. आमच्याकडे असंच झालं. सिंक बसवून झालं, मग गवंड्याने नव्या फरशीवरचं सिमेंट काढायला मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक अॅसिड) वापरलं. त्याची वाफ बंद स्वयंपाकघरात रात्रभर राहिली आणि सकाळी कोऱ्या पत्र्यावर चहा सांडल्यासारखा पट्टा. फरशी आधी धुवावी, सिंक सगळ्यांत शेवटी आणावं. तारेची घासणीही नको, तिचे लोखंडी कण पत्र्यात अडकून गंजतात. आणि खालची जाळी, म्हणजे वेस्ट कपलिंग, वेगळी विकत घ्यावी. भांडं ३०४ चं आणि जाळी हलक्या पत्र्याची, असं सर्रास असतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

नव्या कामात मागीलदारची मोरी पाडून तिथे वॉशिंग मशीन ठेवण्याचा निर्णय सगळ्यांत जास्त घेतला जातो आणि माझ्या मते तोच सगळ्यांत चुकीचा आहे. मासळीचं पाणी, खाराची भांडी, कोळशाने काळे झालेले टोप यांना ती जागा होती. ती गेली की हे सगळं आतल्या सिंकवर येतं आणि दोष पत्र्याला दिला जातो. पावसाळ्यात दमट हवेतली वाफ सिंकच्या गार बुडाखाली पाणी होऊन ओघळते, प्लायवूडचं कपाट तिथून कुजतं, ते वेगळंच. खाली उघडा कडप्पा ठेवला तर हा प्रश्न येत नाही.

आम्ही मोरी राहू दिली. आतल्या सिंकचा पाइप भिंतीतून बाहेर काढून जुन्याच गटारीत सोडला आहे, ती अळवावरून केळींकडे जाते. साबणाचं पाणी जास्त झालं की अळू पिवळं पडतं. तेव्हा भांडी आधी राखेने मोरीवर काढायची आणि मग आत आणायची, असं घरात ठरलं आहे.