मोफत आणि मुक्त: एकाच शून्याचे दोन अर्थ

नव्या स्टार्टअपच्या खर्चाच्या तक्त्यात सॉफ्टवेअरच्या रकान्यात बहुतेक शून्यंच असतात. टीमच्या गप्पांसाठी स्लॅक, डिझाइनला फिग्मा, कोड ठेवायला गिटहब, डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हरवर लिनक्स. सगळ्यांपुढे शून्य. तक्ता बघून बरं वाटतं, आणि वाटायलाही हवं. पण स्लॅकपुढचं शून्य आणि पोस्टग्रेसपुढचं शून्य ही एकच गोष्ट नव्हे. पहिलं एका कंपनीने ठरवलेलं आहे आणि तिला वाटलं तर ती उद्या ते बदलेल. दुसरं बदलण्याचा अधिकार कोणा एकाच्या हातात ठेवलेलाच नाही.

पहिलं सॉफ्टवेअर मोफत, दुसरं मुक्त. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हाच शब्द असल्यामुळे तिकडे हा फरक समजावताना ‘भाषणस्वातंत्र्यातलं फ्री, फुकटच्या बिअरमधलं नव्हे’ अशी कसरत करावी लागते. मराठीत दोन शब्द तयार आहेत. तरीही आपण ‘अरे, फ्री आहे ते’ म्हणतो आणि तो घोळ आपल्या भाषेत आयात करतो.

मुक्त या शब्दामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पाची घोषणा केली. त्यातून मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या आकाराला आली ती चार स्वातंत्र्यांची: प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवणं, तो आतून वाचून हवा तसा बदलणं, त्याच्या प्रती वाटणं, आणि बदललेली आवृत्तीही वाटणं. (मोजणी शून्यापासून: स्वातंत्र्य क्रमांक शून्य ते तीन. आधी तीनच होती, चालवण्याचं नंतर सर्वांच्या आधी जोडलं, म्हणून ते शून्य.) या चारांत किमतीचा उल्लेखसुद्धा नाही. मुक्त सॉफ्टवेअर पैसे घेऊनही विकता येतं. ते बहुधा फुकट मिळतं, कारण ज्याने विकत घेतलं त्याला वाटायची मुभा असते. १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हे नाव पुढे आलं, त्यामागे ‘फ्री’ म्हटलं की कंपन्या बिचकतात हे एक कारण होतं. दोन्ही नावांमागच्या तत्त्वज्ञानात भांडणं आहेत, पण स्टार्टअपच्या व्यवहारात ती बाजूला ठेवली तरी चालतं.

मोफतचा हिशेब अगदी वेगळा. मोफत प्लॅन हा विक्री विभागाचा खर्च असतो. आज तुम्ही चारजण फुकट वापरता, उद्या चाळीसजण झालात की पैसे द्याल, या अंदाजावर तो उभा असतो. त्यात फसवणूक काही नाही. फक्त तो अंदाज चुकला, कंपनी विकली गेली किंवा नवा वित्तप्रमुख आला, की मर्यादा सरकते. स्लॅकच्या मोफत प्लॅनमध्ये पूर्वी शेवटचे १०,००० संदेश दिसायचे. सप्टेंबर २०२२ पासून तो हिशेब ९० दिवसांचा झाला. बडबड्या टीमला हा बदल फायद्याचाच होता. पण कमी बोलणाऱ्या चारजणांच्या टीमला दहा हजार संदेश वर्षभर पुरायचे. त्यांना आता चार महिन्यांपूर्वी ‘हे असं का ठरवलं?’ हे शोधायला गेलं तर काहीच सापडत नाही. वेब ॲप चालवायला सर्व्हर देणाऱ्या हेरोकूचं त्याहून टोकाचं. कित्येकांनी आपलं पहिलं वेब ॲप त्याच्या मोफत सर्व्हरवर चढवलं होतं. २८ नोव्हेंबर २०२२ ला मोफत सर्व्हर आणि मोफत डेटाबेस दोन्ही बंद झाले. भाड्याचे घर, खाली कर, ही म्हण इथे लावावी तर इथे भाडंही नव्हतं, मग तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

सगळेच बदल असे अंगावर येत नाहीत. डॉकर डेस्कटॉप या प्रोग्रामरांच्या साधनाने २०२१ मध्ये पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हा ते २५० पेक्षा जास्त कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरपेक्षा जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांकडूनच मागितले. नवख्या स्टार्टअपला त्याची झळ नव्हती. उलट दिशेनेही घडतं: गिटहबने जानेवारी २०१९ मध्ये खासगी रेपॉझिटरी (कोडची कोठारं) मोफत केल्या, आधी तीन सहकाऱ्यांपर्यंत आणि एप्रिल २०२० पासून कितीही सहकाऱ्यांसाठी. म्हणजे मोफत वाईट असं नाही. ते कोणाच्या तरी मर्जीवर असतं, इतकंच.

आता मुक्तची दुसरी बाजू. या विषयावर बोलणारे ती बऱ्याचदा गिळून टाकतात. मुक्त सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, सांभाळावं मात्र लागतं. सर्व्हर भाड्याने घ्या, बॅकअप लावा, तो बॅकअप खरंच परत चढतो का ते तपासा, सुरक्षेचे अपडेट वेळेवर टाका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीत (प्रोग्राममध्ये जोडायच्या तयार कोडमध्ये) सुरक्षेचं भयंकर भोक सापडलं, तेव्हा ते बुजवण्याचं काम ज्याचं त्याला करावं लागलं. आम्हीही एकदा तत्त्वाखातर चॅट सर्व्हर स्वतः चालवायला घेतला होता. त्यासाठी घेतलेलं मॅटरमोस्ट चांगलंच आहे, दोष आमचाच. लॉग फाइलींनी डिस्क भरली, शनिवारी सकाळी सगळं बंद पडलं, आणि टीममधला एकमेव बॅकएंडवाला (सर्व्हरची बाजू बघणारा) दीड दिवस आमच्या गप्पा परत मिळवण्यात अडकला. त्या दीड दिवसात त्याने ग्राहकासाठी काय काय केलं असतं हे आठवून अजून चिडचिड होते. सोमवारी आम्ही मुकाट्याने एका मोफत प्लॅनवर गेलो. सुरुवातीच्या स्टार्टअपमध्ये पैशापेक्षाही दुर्मीळ वस्तू म्हणजे माणसाचे तास, आणि मुक्त सॉफ्टवेअर नेमकं तेच मागतं.

खरा गुंता पुढे आहे. एकच नाव दोन्ही रकान्यांत बसू शकतं. पोस्टग्रेस मुक्त आहे, पण कोणी तरी तुमच्यासाठी सांभाळून दिलेला पोस्टग्रेस, ठरावीक साठ्यापर्यंत शून्य किमतीत, हा मोफत प्लॅन झाला. कोड लिहायच्या व्हीएस कोड या एडिटरचा मूळ कोड एमआयटी परवान्याखाली मुक्त आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आपण उतरवतो तो तयार प्रोग्राम कंपनीच्या वेगळ्या परवान्याखाली येतो. तोच कोड त्या अटींशिवाय हवा असणारे व्हीएसकोडियम वापरतात. माझ्या मते नवख्या टीमसाठी सर्वांत चांगली जागा पोस्टग्रेसच्या उदाहरणात आहे: आत मुक्त सॉफ्टवेअर, बाहेर कोणाची तरी मोफत किंवा स्वस्त सेवा. आज सांभाळायचा त्रास दुसऱ्याचा, आणि उद्या अटी पटल्या नाहीत तर पीजी_डंप या पोस्टग्रेसच्याच साधनाने सगळा डेटा उचलून दुसरीकडे जाता येतं. हेरोकूवर ज्यांचा डेटा पोस्टग्रेसमध्ये होता त्यांना घाई झाली, मनस्ताप झाला, पण अख्खं ॲप नव्याने लिहावं लागलं नाही.

याच्या उलट उदाहरण पार्सचं. मोबाइल ॲपचा सगळा बॅकएंड तयार देणारी ही सेवा फेसबुकने २०१३ मध्ये घेतली आणि जानेवारी २०१६ मध्ये ती वर्षभरात बंद होणार असं जाहीर केलं. ॲपचा प्रत्येक सांधा पार्सशी जुळलेला असल्यामुळे ही बातमी अनेकांना चांगलीच महागात पडली असती. फेसबुकने जाता जाता पार्स सर्व्हर हा कोड मुक्त केला, म्हणून लोकांना तीच यंत्रणा स्वतःच्या सर्व्हरवर उभी करता आली. मोफत सेवा मरताना मुक्त झाली, असं क्वचितच होतं.

परवान्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण मुक्त म्हणजे बिनशर्त असा दुसरा गैरसमज असतो. एमआयटी आणि अपाची परवाने सैल: नाव आणि परवान्याचा मजकूर ठेवा, बाकी जवळपास काहीही करा. ग्नूचा जीपीएल परवाना म्हणतो, आमचा कोड घालून केलेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा सोर्सही (मूळ कोडही) याच अटींवर द्या. यात ‘दिलात तर’ महत्त्वाचं. तुमच्या सर्व्हरवर चालणाऱ्या वेब सेवेत जीपीएल कोड असेल आणि ग्राहक तो फक्त ब्राउझरमधून वापरत असेल, तर वाटप झालेलं नाही. ही फट बुजवायला एजीपीएल हा त्याचाच कडक भाऊबंद आहे: त्यात बदल करून नेटवर्कवरून लोकांना वापरू दिलंत, तरी वापरणाऱ्यांना सोर्स द्यावा लागतो. म्हणून एजीपीएलमधलं एखादं तयार साधन टीमपुरतं आहे तसं वापरायला हरकत नसते, पण एजीपीएल लायब्ररी आपल्या उत्पादनाच्या पोटात घालण्याआधी वकिलाला विचारलेलं बरं. आणि गिम्प या जीपीएलखालच्या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये काढलेला लोगो जीपीएलखाली जातो का? नाही. साधनाचा परवाना साधनाला लागतो, त्यातून काढलेल्या चित्राला नाही.

गिटहबवर उघडा पडलेला, पण परवान्याची फाइलच नसलेला कोड मात्र या सगळ्यांत फसवा. तो दिसतो, उतरवता येतो, फुकट आहे, आणि तरीही मुक्त नाही. परवाना नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. गुंतवणूकदाराच्या छाननीत असा तुकडा सापडला की चर्चा लांबते.

गेल्या काही वर्षांत ‘दिसतं, पण मुक्त नाही’ अशा या गटात आणखी एक मोठी भर पडली, तीही डेटाबेस आणि सर्व्हरची साधनं बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपन्यांची. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, टेराफॉर्मच्या हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये आपले मुक्त परवाने सोडून बंधनं घालणारे परवाने घेतले. कोड वाचता येतो, बहुतेकांना फुकट वापरताही येतो, पण तीच गोष्ट सेवा म्हणून विकून मूळ कंपनीशी स्पर्धा करायला आडकाठी. त्यांपैकी अनेकांची तक्रार रास्त होती: आम्ही खपून सॉफ्टवेअर लिहायचं आणि बड्या क्लाउड कंपन्यांनी आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं. पण यापुढे जे घडलं, त्यात मोफत आणि मुक्त यांमधला फरक जितका लख्ख दिसतो तितका कुठल्याही व्याख्येत दिसत नाही. मुक्त परवान्याखाली आधी बाहेर पडलेल्या आवृत्त्या परत घेता येत नव्हत्या. लोकांनी त्या उचलल्या आणि पुढे चालवल्या: इलॅस्टिकसर्चमधून ओपनसर्च, टेराफॉर्ममधून ओपनटोफू, रेडिसमधून वाल्की. नंतर इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय देऊन पुन्हा मुक्त परवाना आणला. हेरोकूच्या मोफत सर्व्हरवर बसलेल्यांना आपला डेटा नेता आला, पण ती सेवाच अशी उचलून पुढे चालवता येत नव्हती. तिच्याबाबतीत त्यांच्या हाती फक्त बंद होण्याची तारीख होती.

क्लाउड कंपन्यांचे स्टार्टअप क्रेडिट ही तिसरीच जात. ते मोफत प्लॅनसुद्धा नव्हेत. आधीच भरून दिलेलं बिल असतं ते, आणि त्याला मुदत असते. मिळत असतील तर जरूर घ्यावेत. फक्त क्रेडिटच्या नादात ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी या डेटाबेससारखी एकाच क्लाउडवर मिळणारी सेवा उत्पादनाच्या गाभ्यात बसवली, की क्रेडिट संपल्यावर निघायची वाट उरत नाही.

मग काय कुठे वापरायचं? माझी फोड साधी आहे. जे हलवायला सहा महिने लागतील ते मुक्त असावं: डेटाबेस, प्रोग्रामिंगची चौकट, ज्या स्वरूपात ग्राहकांची माहिती साठते ते स्वरूप. जे एका दुपारी बदलता येईल ते खुशाल मोफत घ्यावं: व्हिडिओ कॉल, कामांची यादी, व्हाइटबोर्ड. झूमच्या मोफत मीटिंगला ४० मिनिटांची मर्यादा आहे, आणि आमच्या मीटिंगा पाहता ती अट पैसे देऊनसुद्धा घ्यावी. मधल्या गोष्टींचं कठीण असतं. डिझाइनच्या फाइली, उदाहरणार्थ. फिग्मा हाताला बसलेलं असतं, पेनपॉट मुक्त आहे, आणि डिझायनर एकच असेल तर निर्णय त्याच्यावर सोडावा हे उत्तम. कारण त्याचा वेग गेला तर परवान्याला घेऊन काय करणार?

खर्चाच्या त्या तक्त्यात मी आता शून्याशेजारी दोन रकाने जास्तीचे ठेवतो: हे शून्य कोण बदलू शकतं, आणि आपण डेटा बाहेर काढून शेवटचा कधी पाहिला. दुसरा रकाना भरताना बटण दाबून बघावंच लागतं, नुसतं ‘एक्सपोर्टची सोय आहे’ असं लिहून भागत नाही. स्लॅकच्या मोफत प्लॅनवर आम्ही ते बटण दाबलं तेव्हा सार्वजनिक चॅनेलं तेवढी बाहेर आली. आमचे निम्मे निर्णय खासगी चॅनेलमध्ये झालेले होते.